राजाविना उभा राहिलेला राजवाडा

कोल्हापूर शहरातून कसबा बावड्याकडे जाताना न्यू पॅलेसचा घड्याळाचा मनोरा झाडांवरून दिसू लागतो. काळ्या घडीव दगडाची भव्य इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा, बाजूंना छोटे घुमट आणि छत्र्या, समोर बाग. पाहुण्यांना कोल्हापूर दाखवायचं म्हणजे अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा आणि हा पॅलेस, असा आपला ठरलेला क्रम. मार्गदर्शक पुस्तिकांतून दोन ओळींचा तपशील मिळतो: बांधकाम १८७७ ते १८८४, खर्च सुमारे ७ लाख रुपये, रचनाकार मेजर चार्ल्स मँट. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या सात वर्षांत कोल्हापूरच्या गादीवर कोण होतं, याची या दोन ओळींत दखलच नाही. गादीवर एक पोरवयाचा राजा होता, त्याच्या हाती कारभार नव्हता, आणि वाडा पुरा होईतो तो राजाच उरला नाही. ही वास्तू बघताना मला पहिल्यांदा तो आठवतो. त्याला वगळून या घराच्या कमानी आणि घुमटांविषयी बोलणं मला जमत नाही.

या कथेची सुरुवात कोल्हापुरापासून हजारो मैलांवर, इटलीत होते. छत्रपती राजाराम महाराज १८६६ साली गादीवर आले. इंग्रजी शिकलेला, वाचनाची गोडी असलेला हा तरुण १८७० साली विलायतेला निघाला. लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, दादाभाई नौरोजी भेटले, सभा-समारंभ झाले. महाराज रोजनिशी लिहीत होते; पुढे १८७२ मध्ये कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी ती संपादून प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर युरोपात प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. त्या शहरात हिंदू पद्धतीचं दहन कुणी पाहिलं नव्हतं. नगरपालिकेने खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कासिने उद्यानाच्या टोकाला महाराजांवर अंत्यसंस्कार झाले. संगमावर दहन ही आपली रीत परक्या मुलखातही पाळली गेली.

त्याच जागी १८७४ मध्ये स्मारक झालं. छत्रीखाली महाराजांचा फेट्यातला, रंगवलेला अर्धपुतळा. तो घडवला चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराने. वरची छत्री रेखाटली मेजर मँटने. म्हणजे मँट आणि कोल्हापूरचं राजघराणं यांचं नातं फ्लॉरेन्सच्या नदीकाठापर्यंत पोहोचलेलं आहे. फ्लॉरेन्सची माणसं त्या जागेला ‘इंडियानो’ म्हणून ओळखतात आणि १९७० च्या दशकात तिथे जवळच बांधलेल्या पुलालाही तेच नाव मिळालं. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

राजाराम महाराजांना पुत्र नव्हता. १८७१ साली भोसले घराण्यातला आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला गेला आणि तो चौथा शिवाजी म्हणून गादीवर बसला. राजा अज्ञान, तेव्हा कारभार ब्रिटिश पोलिटिकल एजंटच्या नजरेखाली. कोल्हापुरात मोठी दगडी बांधकामं झपाट्याने उभी राहिली ती याच काळात. शहराच्या उत्तर अंगाला १८७२ ते १८७६ या वर्षांत टाउन हॉल झाला. त्याच्या जवळच प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावाचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल बांधलं गेलं, तेच आपलं आजचं सीपीआर. दोन्हींची आखणी मँटची. टाउन हॉलच्या टोकदार कमानी आणि उंच उतरती छपरं पाहिली की हा माणूस अजून विलायतेच्या गॉथिक वळणातच काम करत होता हे कळतं. आज त्या इमारतीत संग्रहालय आहे आणि ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननातल्या वस्तू तिथे ठेवल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराची साक्ष देणाऱ्या वस्तू इंग्रजी गॉथिक छपराखाली मांडलेल्या आहेत. कोल्हापूरने परक्या गोष्टी पचवण्याचं काम फार जुन्या काळापासून केलेलं आहे.

मँट हा रॉयल इंजिनियर्समधला लष्करी अधिकारी. पूल, रस्ते, बराकी बांधायचं शिक्षण घेतलेला. पण हिंदुस्थानात वावरताना त्याला इथल्या वास्तूंची ओढ लागली आणि मग तो टोकदार कमानींवर थांबला नाही. युरोपातली बांधणीची गणितं आणि इथली घुमट, छत्र्या, छज्जे, कोरीव कंस यांची भाषा एकत्र आणण्याचा त्याने ध्यास घेतला. या रीतीला आज आपण इंडो-सारासेनिक म्हणतो. अजमेरच्या मेयो कॉलेजची मुख्य इमारत त्याची. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा त्याने रेखाटला. दरभंगा आणि कूचबिहार या घराण्यांसाठीही त्याने राजवाड्यांचे आराखडे केले.

ही नावं एका ओळीत लिहिली की एक गोष्ट लख्ख दिसते. कोल्हापूरचा चौथा शिवाजी अज्ञान. बडोद्याचे सयाजीराव १८७५ साली दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे. कूचबिहारचे नृपेंद्रनारायण तान्हेपणीच गादीवर बसलेले. दरभंग्याचे लक्ष्मेश्वर सिंह कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या देखरेखीखाली वाढलेले. मँटला काम देणारी घराणी बहुतेक अशी, जिथे राजा लहान आणि पालकत्व इंग्रजांकडे होतं. १८५७ नंतर इंग्रजांनी राजेरजवाड्यांना गिळायचं थांबवलं आणि त्यांना आपल्या सत्तेचे खांब करायचं ठरवलं. नव्या राजाला इंग्रजी शिक्षण द्यायचं, इंग्रज शिक्षक द्यायचा आणि राहायला असं घर द्यायचं की ज्याचा चेहरा देशी पण आतली रहाटी विलायती. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी कैसर-ए-हिंद झाली, आणि न्यू पॅलेसच्या बांधकामाचा आरंभही त्याच वर्षीचा. हा योगायोग असेलही, पण दोन्हींमागचा विचार एकच होता असं माझं ठाम मत आहे. आणि तेच साल दख्खनच्या भीषण दुष्काळाचंही होतं, हे त्याच दमात सांगितलं पाहिजे. ज्या मुलखात माणसं अन्नान्न करत गावं सोडून निघाली होती, तिथेच ७ लाखांचा वाडा आखला जात होता.

आता घराकडे येऊ. कोल्हापूरचा जुना राजवाडा म्हणजे भवानी मंडपाचा परिसर, अंबाबाईच्या देवळाला अगदी लागून. बाहेर प्रचंड नगारखाना, आत मंडप, त्याच्या आत चौक, सोपे, माजघर, देवघर. मराठी वाड्याचं हेच शील. रस्त्याला तो भिंत दाखवतो आणि आपलं सगळं वैभव चौकाला दाखवतो. बाहेरच्या माणसाला दिंडी, देवडी, पहारा ओलांडून एकेक पायरी आत यावं लागतं. कुणी कुठवर यायचं हे उंबऱ्यांनी ठरवलेलं. शिवाय वाडा गावात असतो. पहाटेची काकड आरती, बाजाराचा गलबला, शेजारच्या पेठेतलं लग्न, सगळं राजाच्या कानावर येतं.

इंग्रज सरदाराचं गावाकडचं घर याच्या नेमकं उलटं. ते वस्तीपासून दूर, आपल्या बागेच्या आणि कुरणांच्या मधोमध उभं असतं. लांबच्या फाटकापासून वळणं घेत गाडीरस्ता येतो आणि पाहुण्याला घर दुरूनच पुरतं दिसावं अशी सोय केलेली असते. दारापुढे गाडी छपराखाली उभी राहील असा पोर्च. आत बैठकीची, जेवणाची, खेळण्याची, वाचनाची वेगवेगळी दालनं, बाहेरच्या बाजूला मोठाल्या खिडक्या. मँटने कोल्हापूरच्या राजाला हे घर दिलं. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, बाग, कारंजं, तलाव यांच्या आवारात. राजाचं घर अंबाबाईच्या सावलीतून दूर गेलं. वरच्या घुमटांची आणि छत्र्यांची चर्चा सगळे करतात, पण खरा बदल जमिनीवरच्या या आखणीत झालेला आहे.

वरचा साज मात्र मँटने इंग्लंडातून आणला नाही. मथुरा, डीग, भरतपूरचे जाटांचे किल्लेवाडे आणि गुजरातची जैन मंदिरं यांच्यातून त्याने घटक उचलले, असं वास्तुकलेचे अभ्यासक सांगतात. खांबांमधल्या पाकळ्यांच्या महिरपी मात्र आपल्याला घरच्या वाटतात, कारण पेशवाईपासून मराठी वाड्यांच्या दिवाणखान्यात लाकडी खांबांमध्ये अशाच महिरपी बसवत आले होते. इथे त्या दगडात आल्या. आणि दगड आपला, सह्याद्रीचा काळा पाषाण. हा दगड राजस्थानच्या वालुकाश्मासारखा मऊ नाही. त्याच्यात जाळीकाम करणं म्हणजे महाकठीण, टाकी घसरली की कड उडते. म्हणून काळ्या दगडाची शोभा नक्षीत कमी आणि घडाईत जास्त. चिऱ्याला चिरा असा भिडायचा की सांध्यात नखही शिरू नये, पृष्ठभाग इतका घोटायचा की पावसाने भिजला तर चकाकावा. नागमोडी महिरप चिऱ्यांतून काढायची तर प्रत्येक पाकळीचा दगड वेगळ्या मापाचा आणि वेगळ्या वळणाचा लागतो, आणि ते सगळे वर चढवल्यावर एकमेकांना तोलून धरायला हवेत. कागदावर ती रेष मेजरसाहेबाने ओढली असेल, पण ती दगडात उतरवणारे हात पाथरवटांचे. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. मँटच्या नावाइतकाच या घरावर त्यांचा हक्क आहे.

सर्वांत जास्त वेळ थांबावं असं ठिकाण म्हणजे दरबार हॉल. दोन मजले उंचीचं दालन, एका टोकाला चौथऱ्यावर सिंहासन. बाजूच्या भिंतींत पाकळ्यांच्या महिरपी, त्यांच्या वर ओतीव लोखंडाचे नक्षीदार कंस आणि त्या कंसांवर पेललेला सज्जा. लोखंड ओतण्याचं तंत्र कारखान्यांच्या युगातलं, आकार देवळातल्या लाकडी हस्तांचा. दोन काळ एकाच कंसात बसवलेले आहेत आणि तो कंस आपलं काम चोख करतो आहे.

महिरपींच्या आत रंगीत काचा आहेत आणि त्यांवर शिवछत्रपतींच्या जीवनातले प्रसंग चितारलेले आहेत. रंगीत काचेची ही विद्या युरोपातल्या चर्चची. काचेवर रंग भरायचा, ती भट्टीत भाजायची म्हणजे रंग काचेत मुरतो, मग तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडायचे. शेकडो वर्षं या काचांतून येशूचं आणि संतांचं चरित्र सांगितलं गेलं. निरक्षर भक्ताला प्रकाशातून गोष्ट समजावी ही त्यामागची युक्ती. ती विद्या कोल्हापुरात आली आणि तिच्यातून शिवचरित्र सांगितलं गेलं. इंग्रज एजंटच्या अमलाखाली बांधलेल्या घराच्या सर्वांत मानाच्या दालनात स्वराज्य संस्थापकाची कथा प्रकाशातून उतरते, हे मला विलक्षण वाटतं. बाकी सगळं घर कुणी कसंही आखलेलं असो, या काचांमुळे ते कोल्हापूरच्या गादीचं झालं.

ज्याच्यासाठी हे दालन सजत होतं, त्या राजाचं मात्र याच काळात काय झालं?

चौथ्या शिवाजींना वेडाचे झटके येतात असं सरकारी अहवालांतून म्हटलं जाऊ लागलं. महाराष्ट्रात दुसरीच कुजबुज होती. राजाचा छळ होतो आहे, त्याला मुद्दाम वेडा ठरवलं जातं आहे, असं लोक बोलत होते. १८८१ साली नुकत्याच निघालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठवली. आधार म्हणून मिळालेली पत्रं बनावट ठरली, बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. खटल्याच्या वेळी जामीन उभा करण्यासाठी जोतीराव फुल्यांनी खटपट केली, हेही विसरता कामा नये. कोल्हापूरच्या त्या पोरक्या राजाच्या काळजीने किती वेगवेगळ्या मतांची माणसं एकत्र आली होती, ते त्यावरून कळतं.

महाराजांना कोल्हापुराबाहेर नेलं गेलं आणि शेवटी अहमदनगरला ठेवण्यात आलं. २५ डिसेंबर १८८३ रोजी, ग्रीन नावाच्या गोऱ्या सोल्जराशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा तिथेच मृत्यू झाला. वय वीस. राजाराम महाराजही विसाव्याच वर्षी गेले होते. तेरा वर्षांत कोल्हापूरने दोन तरुण राजे गमावले, दोघेही आपल्या मातीपासून दूर. दरबार हॉलमधलं ते सिंहासन चौथ्या शिवाजींच्या वाट्याला आलंच नाही.

मँटही हे घर पूर्ण झालेलं बघायला राहिला नाही. १८८१ मध्ये चाळिशीच्या सुमारास तो वारला. शेवटी त्याच्या मनाने घेतलं होतं की आपले हिशेब चुकलेत आणि आपल्या इमारती ढासळणार, असं सांगितलं जातं. बडोद्याचा वाडा पुढे रॉबर्ट चिशोमने पूर्ण केला. मँटची गणितं बरोबर होती. त्याच्या इमारती दीडशे वर्षांच्या घरात आल्या, तरी आपल्या जागी भक्कम आहेत.

म्हणजे १८८२ च्या पावसाळ्यात चित्र असं होतं: बावड्याच्या वाटेवर काळे चिरे चढत होते, ज्याने ते रेखाटले तो माणूस नव्हता, ज्याच्यासाठी चढत होते तो अहमदनगरला पहाऱ्यात होता, आणि त्याची बाजू मांडणारे डोंगरीच्या कोठडीत.

१७ मार्च १८८४ रोजी चौथ्या शिवाजींच्या राणी आनंदीबाईंनी कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव दत्तक घेतले. तेच राजर्षी शाहू महाराज. त्यांचे जन्मदाते जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे त्या वेळी संस्थानाचे रीजंट होते. नवा राजवाडा आणि नवा राजा कोल्हापूरला एकाच वर्षी मिळाले. इंग्रजांची योजना तीच होती: राजकोटचं राजकुमार कॉलेज, मग धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर यांच्या हाताखाली शिक्षण, आणि मग हा वाडा. २ एप्रिल १८९४ रोजी महाराजांच्या हाती कारभार आला. पुढे वेदोक्त प्रकरणात धर्मसत्तेशी झुंज, २६ जुलै १९०२ चा मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवणारा जाहीरनामा, वसतिगृहं, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, हे सगळं आपण जाणतो. ज्या घराची आखणी राजाला लोकांपासून लांब नेणारी होती, तिथल्या राजाने लोकांत मिसळण्याचं व्रत घेतलं. त्यांचा जीव सोनतळीच्या कॅम्पवर, पैलवानांत, शिकारीच्या रानात रमायचा. या वाड्याच्या आवारातही कुस्तीचा आखाडा आहे, आणि इंग्रजी घराच्या कोणत्याही नमुन्यात तो नव्हता.

शाहू महाराजांची कन्या राधाबाई देवासला दिली होती. तिचे पुत्र विक्रमसिंह पवार १९४७ साली कोल्हापूरला दत्तक येऊन छत्रपती शहाजी महाराज झाले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झालं. पुढे १९७४ मध्ये राजवाड्याच्या तळमजल्यावर शहाजी छत्रपती म्युझियम सुरू झालं. हत्तीवरच्या अंबाऱ्या, हत्यारं, पोशाख, पेंढा भरलेले वाघ, सगळं तिथे आहे. वरच्या भागात राजघराणं आजही राहतं, त्यामुळे ही वास्तू जिवंत घराची ऊब राखून आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शाहूकालीन पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, आगीत होरपळलं. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. लाकूड आणि छप्पर गेलं, कोल्हापूर रस्त्यावर उभं राहून रडलं. नाट्यगृह पुन्हा उभारताना सगळ्यांनाच एक प्रश्न पडला: जुनं नेमकं कसं होतं? इंग्लंडात ऐतिहासिक घरांची सरकारी सूची अशाच प्रश्नातून जन्माला आली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बॉम्बनी शहरं उद्ध्वस्त होत असताना कोणती इमारत वाचवायची आणि कोणती पाडायची हे ठरवण्यासाठी वास्तुविशारदांनी गल्लोगल्ली फिरून याद्या केल्या. १९४४ आणि १९४७ च्या कायद्यांनी त्या याद्यांना कायमचं रूप मिळालं. आपल्याकडे याद्या निघतात, पण एखाद्या वास्तूचं मोजमाप घेऊन, चिरा चिरा आणि खिडकी खिडकी नोंदवून ठेवण्याचं काम फार थोड्या ठिकाणी झालं आहे.

न्यू पॅलेसचा दगड स्वतःला सांभाळील. काळजी आहे ती त्या काचांची. शिसं वयपरत्वे कमकुवत होतं, पट्ट्या वाकतात आणि काच बाहेर फुगते. दरबार हॉलमधली प्रत्येक काच मोजून, तिचं छायाचित्र घेऊन, तिच्यावरचा प्रसंग आणि तिची जागा नोंदवलेली असली, तर एखादी फुटली तरी ती पुन्हा घडवता येते. शहरात वास्तुविद्येचं शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत, चित्रकलेची मोठी परंपरा आहे, हाताला काम हवं असलेली मुलं आहेत. राजघराण्याच्या संमतीने हे काम एखाद्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू होऊ शकतं. सुरुवात पहिल्या महिरपीपासून करावी.